मूठ

वेंगुर्ल्यात माझ्याकडे लोक आणतात
कोयते, विळ्या, कुदळी, एकदा तर सतारीची खुंटी.
दांडा मोडला की मेस्त्री आठवतो.
एस्पेरांसबायने बिस्किटाच्या डब्यातून
बनियनमध्ये गुंडाळलेलं रिव्हॉल्वर काढलं,
पण त्याआधी कागद ठेवला, ठाण्याच्या शिक्क्याचा:
नळी बुजवलेली, घोडा निकामी.
"आता नुसती वस्तू आसा ती. मूठ तेवढी घाल."

तिचा बाप आरोंद्याच्या नाक्यावर, कस्टममध्ये.
रात्री खाडीतून होड्या यायच्या
घड्याळं घेऊन, बाटल्या घेऊन.
"बापायन कधी उडवल्यान नाय," ती म्हणाली.
मी विचारलं नव्हतं.

डावी फळी अक्रोडाची, विलायती,
बारीक चौकडी कोरलेली, निम्मी झिजलेली.
उजवी वाळवीने खाल्लेली; उरलेला तुकडा
कानशीने घासून हुंगला: फणस!
म्हणजे माझ्याआधी कुणीतरी येऊन गेला होता.
आतून बघितलं तर त्याचं भोक चुकलेलं,
लाखेने बुजवून जवभर खाली दुसरं पाडलेलं.
नाव नाही, गाव नाही.
चूक तेवढी ठेवून गेला, सहीसारखी.

माळ्यावर अकरा पावसाळे काढलेली
शिसवाची ढलपी मी खाली घेतली.
लोखंडाला काजळी फासायची, लाकूड दाबायचं, उचलायचं,
काळं उमटेल तिथेच खरवडायचं,
ही वडिलांची रीत.
पण शिसवावर काजळी दिसते कुठे?
देव्हाऱ्यातला शेंदूर तेलात कालवला.
बायको म्हणाली, "खयचो मारुती रंगवतास?"
शेजारचा भिवा दारातून हळूच,
"मूठ करतंस असा आयकलंय..."
आणि उंबरा न ओलांडताच गेला.
आमच्याकडे हा शब्द मोठ्याने विचारत नाहीत.

दाबायचं, उचलायचं, लाल ठिपका, पटाशीचं टोक.
चार दिवस.
पाचव्या दिवशी लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये
दिव्याचा उजेड शिरेना.
हातात घेतलं, आणि जमलं. इतकं जमलं
की मला कसंसंच झालं.
मी माप घेतलं होतं माझ्याच तळव्याचं.

"तुझ्या बापायचो हात केवढो होतो?"
तिने हवेत आपला पंजा उघडला, मिटला,
"माका आठवणा नाय," म्हणाली
आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या खिडकीतून
आत-बाहेर करत एक वल्हं घेऊन आली.
नोकरी सुटल्यावर म्हातारा खाडीत मासे मारायचा.

वल्ह्याचा दांडा मी कंदिलाखाली फिरवला.
अंगठ्याची खळगी खोल. तीन बोटांच्या तीन लाटा.
करंगळीची जागा मात्र कोरीच,
रंधा मारल्या दिवशी होती तशी.
ती करंगळी कधी टेकलीच नव्हती.
का, ते मी विचारलं नाही,
तिने सांगितलं नाही.

दुसरी जोडी केली. खालचा भाग थोडा भरीव,
न टेकणाऱ्या बोटाला बसायला.
पितळेचा स्क्रू, उंडीचं तेल, रात्रभर फडक्यात.
खाऱ्या वाऱ्यात लाकूड फुगतं,
म्हणून केसभर सैल.
फणसाचा तो तुकडा कागदात बांधून दिला,
"ह्यो पण ठेव."

तिने रिव्हॉल्वर हातात घेतलं नाही.
बघितलं. बनियनमध्ये गुंडाळलं. डब्यात ठेवलं.
पैसे मोजले, दोनदा.
मग वल्हं उचललं आणि स्टँडकडे निघाली,
बरोबर त्या खळगीत अंगठा घालून,
करंगळी उचललेली.
तिला ठाऊक नसावं.

पहिली जोडी वाया गेली, असं बायकोचं मत.
ती मी हत्यारांच्या ड्रॉवरला लावली.
सकाळी ओढतो. आत पटाशा, कानशी,
एक शेंदराची वाटी, अजून पुसलेली नाही.
ड्रॉवर अडकतो पावसात.
मूठ बरोबर बसते.